कागदावर भरलेलं पोट

डॉक्टरनं माझ्या सगळ्या तपासण्यांचे कागद टेबलावर एकावर एक ठेवले आणि म्हणाले, "काका, तुमच्या पोटात काहीच नाही. घसा साफ आहे. गाठ नाही, टीबी नाही, अल्सर नाही. तुम्हाला डिप्रेशन आहे."

माझी मुलगी रेखा बाजूला बसली होती. ती रडायला लागली. तिला वाटत होतं कॅन्सर निघणार, म्हणून ते सुटकेचं रडणं होतं. मला मात्र राग आला. म्हटलं, "डॉक्टर, मी पागल नाही. मला जेवण जात नाही, एवढंच सांगायला आलो."

"पागल कोण म्हणतंय? डिप्रेशन म्हणजे मनाचा आजार. मन खाली बसतं, आणि भूक, झोप, ताकद सगळं त्याच्यासोबत खाली बसतं. घरचं माणूस गेलं की दुःख होणारच. ते दुःख म्हणजे आजार नाही. पण ते एका जागी थांबलं आणि शरीर खायला लागलं, की आम्हाला त्यात हात घालावा लागतो."

मन खाली बसतं हे मला समजलं नाही. शरीर खायला लागलं हे समजलं. कंबरेला नाडी आवळून, त्यावर पँट घालून मी यवतमाळला दवाखान्यात आलतो.

मी चौथी शिकलेला माणूस. पांढरकवड्याचा. सगळी उमर ट्रकवर गेली, नागपूर-हैदराबाद रस्त्यावर. डोळे अधू झाले तेव्हा स्टेअरिंग सोडलं. हे मी पेनानं लिहिलं आणि रेखानं मोबाइलवर उतरवलं. उतरवताना तिनं काही शब्द शाळेतले घातले, त्यातले काही मी परत काढायला लावले. ज्याच्या घरचं माणूस गेलं आणि ज्याच्या घशातून घास उतरत नाही, त्यानं हे वाचावं. बाकीच्यांनी नाही वाचलं तरी चालते.

माझी बायको बेबी. म्हातारी झाली तरी नाव बेबीच. मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात सकाळी गच्चीवर कुरोड्या टाकायला गेली. खाली उतरून म्हणाली, "डोकं लय दुखून राह्यलं माहं." मी पाणी आणायला आत गेलो. येईपर्यंत ती भिंतीला टेकून बसली होती आणि तोंड एका बाजूला गेलं होतं. ब्रेन हॅमरेज, म्हणजे डोक्यातली नस फुटून आतल्या आत रक्त सांडतं. दवाखान्यात नेलं. ती बोललीच नाही. गच्चीवरच्या कुरोड्या वाळून कडक झाल्या, मग शेजारच्या बायकांनी त्या काढून डब्यात भरल्या. तो डबा आम्ही अजून उघडला नाही.

तेरवीपर्यंत घरात माणसं होती. तोपर्यंत मी काय खाल्लं, खाल्लं का नाही, काही आठवत नाही. माणसं गेली आणि त्यानंतर हे सुरू झालं. घास तोंडात फिरायचा. गिळायला गेलो की घसा गेट पाडल्यासारखा बंद. पाणी जायचं, चहा जायचा, भाकर नाही. वरणात कुस्करून पाहिली. खिचडी पातळ करून पाहिली. लोक म्हणाले, उन्हाळा आहे. मग म्हणाले, पावसाळा आहे. हिवाळ्यात कोणी काही म्हणेना, नुसते माझ्या गळ्याच्या हाडांकडे पाहायचे. तिचं वर्षश्राद्ध झालं तेव्हा रेखानं मला उभं पाहिलं आणि वणीला सासरी परत न जाता आधी दवाखान्यात घेऊन गेली.

तपासण्यांबद्दल सांगतो, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं. एंडोस्कोपी म्हणजे तोंडातून एक बारीक नळी घालतात, तिच्या टोकाला कॅमेरा असतो. घशात औषध मारून तो बधिर करतात. ओकारी आल्यासारखं होते, पण लवकर आटोपते. भिऊ नका. सोनोग्राफीत पोटाला थंड चिकट मलम लावतात, दुखत नाही. थुंकी तपासली, रक्त तपासलं, थायरॉईड म्हणजे गळ्यातली एक ग्रंथी असते तिचं काम तपासलं. खरं अवघड काम बाकड्यावर बसणं. तिथं प्रत्येक जण दुसऱ्याच्या हातातला एक्सरे पाहते आणि मनात म्हणते, याचं माझ्याहून वाईट दिसते.

निदान झालं त्या दिवशी डॉक्टरनं रेखाला बाहेर बसायला सांगितलं आणि मला सरळ विचारलं, "जीव द्यावा असं मनात येतं का?"

मी म्हटलं, "द्यायला बी उठावं लागते. तेवढी ताकद नाही."

डॉक्टर हसले नाही. पुन्हा विचारलं, वेगळ्या शब्दांत. मी खरं सांगितलं, मरायची घाई नाही, पण जगायचीही नाही. ते त्यांनी लिहून घेतलं आणि रेखाला आत बोलावून घरात असतील ती फवारणीची औषधं बाहेर हलवायला लावली. तुमच्या कोणाच्या मनात तसं येत असेल, तर ते कागदावर लिहून गप बसू नका. तोंडानं सांगा, त्याच दिवशी, समोर जो असेल त्याला.

गोळी सुरू झाली. अँटीडिप्रेसंट म्हणतात तिला, मन वर उचलणारी गोळी. ताप उतरतो तशी ती एका दिवसात काम करत नाही, काही आठवडे लागतात. सोबत काउन्सेलिंग, म्हणजे गोळी न देता बोलून केलेला इलाज. त्यासाठी बाजूच्या लहान खोलीत एक मॅडम बसायच्या. सायकॉलॉजिस्ट. रेखापेक्षाही लहान दिसत होत्या. मला वाटलं, ही पोरगी मला काय सांगणार.

मॅडमनं पहिल्या दिवशी फार विचारलं नाही. शेवटी एक कागदांची चळत दिली. म्हणाल्या, "काका, आपण पंधरा दिवसांनी भेटणार. मधले दिवस मी तुमच्याजवळ नसते. तेव्हा हे कागद तुमच्याजवळ असू द्या. याला वर्कशीट म्हणतात."

कागदावर रकाने होते. आज काय झालं. तेव्हा मनात काय विचार आला. दुःख किती, शून्य ते दहा. मग तुम्ही काय केलं. खाली झोप, जेवण, फिरणं, कोणाशी बोलणं. रोज एक कागद.

आता माझी गोष्ट अशी आहे की मी जन्मात कधी कागद भरला नाही. ड्रायव्हरचं काम गाडी चालवणं. कागद भरतो मुन्शी. माल चढला की मुन्शी बिल्टी फाडतो, म्हणजे कोणता माल, किती, कुठून कुठं, ते सगळं लिहिलेला कागद. ड्रायव्हर तो छातीच्या खिशात ठेवतो आणि नाक्यावर दाखवतो. त्यात काय लिहिलं ते त्यानं वाचायचं नसते. म्हणून मी घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी ती चळत घेऊन गफूरभाईकडे गेलो.

गफूरभाई आमच्या ट्रान्सपोर्टचा जुना मुन्शी. आता काम सगळं कॉम्प्युटरवर होते, पण तो रोज येऊन आपल्या खुर्चीवर बसतो. त्याला कोणी उठवत नाही.

"आओ उस्ताद," तो म्हणाला. "कोनता माल?"

"माल नाही. दवाखान्याचा कागद भरायचा हाये."

त्यानं चष्मा लावला. एक बार वाचलं, दोन बार वाचलं. "'मनात काय विचार आला.' हा काय कॉलम झाला? इतकी उमर कागद भरले, असा कॉलम नाही पाह्यला. काय लिवू?"

"मले काय माहीत. तूच लिव."

"दुःख किती, शून्य ते दहा?"

"दहा असन."

पेन हातातच राहिला त्याचा. "तुले अक्कल हाये का? दहा लिवलं त भरती करून घेतीन. पाह्य, हा कागद टेबलावर जाईन. टेबलावरच्या मानसाले कागदात खोट दिसली का थो गाडी साइडले लावते. मंग बस दोन दिवस झाडाखाली. कागद साफ पायजे. दोन लिवतो. दोन म्हंजे हाये, पन चालते."

"बरं, दोन."

"झोप चांगली. जेवन दोन टाइम. फिरनं, सकाळी मंदिरात गेलो."

"मी मंदिरात नाही गेलो गफूरभाई."

"असू दे. मंदिर लिवलं का वजन पडते."

त्यानं पंधरा दिवसांचे पंधरा कागद एका बैठकीत भरून दिले. सुंदर अक्षर. खाली मी सही केली. घरी येताना हलकं वाटलं, कागद पूर्ण झाल्यावर वाटते तसं. घरी खानावळीचा डबा आला होता. उघडला, दोन घास फिरवले, झाकून ठेवला.

मॅडमनं ते वाचले आणि म्हणाल्या, "बरं चाललंय म्हणायचं." तिथल्या सिस्टरनं मला वजनकाट्यावर उभं केलं. काटा खाली गेला होता. पुढच्या खेपेला गफूरभाईनं दुःख एकवर आणलं आणि एका दिवशी मला भजनात टाळ वाजवायला बसवलं. काटा आणखी खाली.

त्याच्या पुढच्या खेपेला मॅडमनं माझे कागद एका बाजूला ठेवले आणि सिस्टरनं लिहिलेलं वजन दुसऱ्या बाजूला.

"काका, ट्रक भरला की आधी कुठं नेता?"

"काट्यावर."

"काटा आणि कागद जुळला नाही तर?"

मला कळलं गाडी कुठं चालली ते. मी खाली पाहिलं. "अडवतात."

"मला अडवायचं नाही. पण डॉक्टर अडवतील. वजन आणखी उतरलं तर भरती करून नाकातून नळी टाकून अन्न द्यावं लागेल, असं ते सकाळीच म्हणाले. शरीरात आता मागे काही शिल्लक नाही."

सोबत आलेल्या रेखानं माझा हात धरला. मला मरणाचं काही वाटत नव्हतं, पण नळीचं वाटलं. बेबीच्या नाकात मी ती नळी पाहिली होती.

मॅडमनं विचारलं, "हे अक्षर कोणाचं?"

"गफूरभाईचं. मुन्शी आहे."

"मग मुन्शींची झोप चांगली आहे, एवढं मला कळलं. तुमचं काय?"

रेखा रडता रडता हसली. मीही हसलो असेन. मॅडमनं एक कोरा कागद घेतला, शून्य ते दहा खोडलं, खालचे रकाने खोडले. तीनच ठेवले. काय झालं, मनात काय आलं, काय केलं. म्हणाल्या, "हे तपासायला मी नाक्यावर उभी नाही. तुम्हाला वाटलं तर मला दाखवा, नाही वाटलं तर नका दाखवू. पण लिहायचं तुम्ही. चुका होऊ द्या. घरी बोलता तसंच लिहा."

लिहिणं म्हणजे मला दगड फोडण्यासारखं झालं. पेन बोटात बसेना. पहिल्या दिवशी लिहिलं, भाकर नाही गेली. मनात काय आलं, तिथं लिहिलं, काही नाही. काय केलं, तिथं लिहिलं, झोपलो. दुसऱ्या दिवशी तेच. मनातला रकाना कितीतरी दिवस "काही नाही" असाच गेला. मला खरंच वाटत होतं की मनात काही नाही. एका दिवशी लिहिलं, हे सगळं फालतू आहे. मॅडमनं ते वाचून मान हलवली आणि म्हणाल्या, "हा पहिला विचार."

पुढे एक दिवस मी ट्रान्सपोर्टवर गेलो. गफूरभाई माझ्यावर रुसला होता, कारण त्याचे कागद नापास झाले होते.

"मी लिवलं असतं त आतापर्यंत सुटला असता तू," तो म्हणाला. "आता लिव आपल्या कोंबडीच्या पायानं."

त्यानं चहा सांगितला आणि आलुबोंडे मागवले. तो मालकाच्या पोराला शिव्या घालत होता, मी ऐकत होतो. प्लेट रिकामी झाली तेव्हा पाहिलं तर माझ्यासमोरचा आलुबोंडा मीच खाल्ला होता. घरी येऊन लिहिलं, आलुबोंडा खाल्ला, आख्खा. मनात काय आलं, मालकाचं पोरगं हरामखोर आहे. उतरवताना रेखा म्हणाली हे काढा. मी म्हटलं राहू दे.

मॅडमनं मला सगळे कागद मोठ्यानं वाचायला लावले. मला माझंच अक्षर लागेना, अडत अडत वाचलं. चहाच्या टपरीवर आलुबोंडा. वणीला रेखाच्या घरी पोहे, थोडे. मंदिराच्या भंडाऱ्यात पंगतीला बसलो तेव्हा बुंदी आणि मसालेभात. घरी काही नाही. घरी काही नाही. घरी काही नाही.

मॅडम म्हणाल्या, "घसा एकच आहे ना काका?"

एवढी मोठी गोष्ट समोर होती आणि नळी घालून पाहिली तरी दिसली नव्हती.

"घरी ताट समोर आलं की काय होतं?"

"बसतो."

"बसल्यावर?"

"बसतो, बस."

"या खेपेला तेवढंच लिहा. ताट वाढलं की कागद बाजूला ठेवायचा. मनात जे येईल ते जसंच्या तसं."

खानावळीतून डबा दुपारी येते. मी स्वयंपाकखोलीत माझ्या जागेवर बसलो, ताटात काढून घेतलं, कागद मांडीजवळ. भाजी होती वांग्याची. हात पोळीपर्यंत गेला आणि थांबला. मग मी माझ्याचकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहावं तसं. माझी मान वळली होती. मी ओट्याकडे पाहत होतो, जिथं गॅस आहे तिकडे. आणि मनात काहीतरी होतं, रोजच होतं, एवढं रोजचं की मी त्याला विचार म्हणत नव्हतो. मी ते लिहिलं.

थे आली का जेवू.

ती आली की जेवू म्हणजे काय, हे तुम्हाला समजायला आमच्या घराचं सांगावं लागते. मी गाडीवर होतो तेव्हा कधी घरी येईन याचा नेम नसायचा. पण घरी आलो की बेबी जेवायची राहिलेली असायची. मी म्हणायचो, खाऊन घेत जा. ती म्हणायची, "मले भूकच नोयती." गाडी सोडल्यावर आम्ही दोघं सोबत बसायला लागलो. पण तिचं काही ना काही मागं राहायचंच. एक पोळी तव्यावर, नाहीतर ठेचा वाटायचा, नाहीतर ताक घुसळायचं. "तुमी करा सुरू, मी आलीच," म्हणायची. मी सुरू करत नव्हतो. सगळी उमर ती थांबली, आता आपण जरा थांबलो तर काय बिघडते, असं मला वाटायचं. हात मांडीवर ठेवून ओट्याकडे पाहत बसायचो. ती पदराला हात पुसत येऊन बसायची आणि मग दोघांचा पहिला घास.

मला भूक लागत नव्हती असं नाही. मी वाट पाहत होतो. वर्षाच्या वर झालं होतं.

त्या दिवशी मी ताटासमोर बसून रडलो. तेरवीत रडलो नव्हतो. भाजीवर साय आली थंडीनं गोठल्यासारखी, तेलाची. मग उठून ताट झाकलं.

मॅडमनं ती ओळ दोनदा वाचली. मग म्हणाल्या, "यात तुमची चूक नाही काका. ही सवय आहे, आणि चांगल्या मनाची सवय आहे. पण आता ती तुम्हाला उपाशी ठेवते आहे." त्यांनी याचं एक नाव सांगितलं, प्रोलाँग्ड ग्रीफ, म्हणजे लांबलेलं दुःख. डिप्रेशनच्या पोटात ते बसलेलं होतं. मग त्यांनी कागदावर चौथा रकाना आखला. दुसरं काय करून पाहता येईल.

मी करून पाहिलं. बाहेर ओसरीवर जेवायला बसलो, मान दाराकडे वळली. भिंतीकडे तोंड करून बसलो, मग कान मागं लागले. रेडिओ लावला, रेडिओ ऐकला, जेवलो नाही. शेजारी बोलवायचे, पण रोज कोणाच्या घरी जाणार. चौथ्या रकान्यात सगळं लिहिलं आणि पुढे लिहिलं, नाही जमलं. काट्यावर वजन होतं तिथंच थांबलं, कारण गफूरभाई रोज काहीतरी चारत होता. डॉक्टर म्हणाले, "पुढच्या वेळेपर्यंत बघतो. त्यापुढे नाही."

मधे पित्तरपाठ लागला. नवरा जिवंत असताना जी बाई जाते, तिचं पित्तर आमच्याकडे नवमीला करतात. अहेव नवमी. बेबीचं वर्ष उन्हाळ्यात झालं होतं, म्हणजे तिचं हे पहिलंच. रेखा आदल्या दिवशी वणीहून आली. सकाळपासून वडे, खीर, कढी, भेंडीची भाजी. सवाशीण म्हणून शेजारच्या वहिनींना सांगितलं होतं. मी आपला माझ्या जागेवर बसलो होतो.

रेखानं केळीच्या पानावर सगळं थोडं थोडं वाढलं.

मी विचारलं, "हे कोनाचं?"

"आईचं. आईचं पहिले बाबा, मंग सवाशीन, मंग आपन. माहीत नाही का तुमाले?"

माहीत होतं. माझ्या आईचं पित्तर बेबीच करायची, मी पाहिलं होतं. पण सगळी उमर मी आयत्या पंगतीला आलेला माणूस, आधी काय होते याच्याकडे कधी ध्यान दिलं नव्हतं.

पान गच्चीवर मी नेलं. गुडघे दुखतात, रेखा नको म्हणत होती, तरी मीच नेलं. ठेवलं, पाण्याचा फेर काढला, हात जोडले. कावळा आला का नाही ते पाहत बसलो नाही. खाली आलो. वहिनी जेवून, लुगडं घेऊन, ओटी भरून गेल्या. मग रेखा म्हणाली, बाया म्हणतात तसंच म्हणाली, "चला, आई जेवली. बसा आता."

मी बसलो. मान ओट्याकडे वळली नाही. कोणासाठी थांबायचं राहिलं नव्हतं. आमच्या सगळ्या संसारात बेबी माझ्याआधी जेवली अशी ती पहिली वेळ. मी वडा मोडला, कढीत बुडवला, तोंडात घातला. तो गेला. दुसरा गेला.

रेखा वाढत होती. कढी वाढताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, पातेल्यातच पाहत राहिली. तिनं पाहिलं असतं तर माझा घास थांबला असता, ते तिला कळत होतं.

हे वाचून कोणाला वाटेल, चला, झालं बरं. तसं नाही झालं. पोट भरलं आणि मला जे कळलं ते सांगतो. पान वाढणं म्हणजे ती गेली हे माझ्या हातानं कबूल करणं. वर्षभर मी तेवढं करत नव्हतो. जोपर्यंत ताट झाकून ठेवत होतो, तोपर्यंत ती कुठंतरी तव्याजवळ होती. आता नाही. संध्याकाळी मी गच्चीवर जाऊन ते पान उचललं.

मॅडमला ते कागद दाखवले. त्यांनी विचारलं, "आता दुःख किती, शून्य ते दहा?"

"दहा," मी म्हटलं. "जेवून दहा."

"दहा असू द्या," मॅडम म्हणाल्या. आणि त्यांनी तसंच लिहून घेतलं.

काटा वर गेला होता, थोडा. डॉक्टरनं भरतीचं नाव काढलं नाही. मी मॅडमला सांगितलं की आता रोज ताट वाढलं की आधी तिचा घास बाजूला काढतो, आणि मग खातो. तो घास नंतर गाईला देतो. चालते का म्हटलं. त्या म्हणाल्या, "चालेल. कधी एखाद्या दिवशी काढायचा राहिला, तर तेही लिहा, घाबरू नका."

गफूरभाईला ही सगळी हकीकत सांगितली. तो चष्मा पुसत बसला. मग म्हणाला, "म्हंजे माह्या अक्षराची काही किंमतच नाही राह्यली."

"अक्षर चांगलं हाये तुहं. माल कुठी होता त्यात?"

"खरं हाये," तो म्हणाला. थोड्या वेळानं, दुसरीकडे पाहत, "एक कोरा कागद मलेबी आनजो. नाव नको टाकू कोनाचं."

मी आणून दिला. तो काय लिहितो ते मी विचारलं नाही.

ज्यांना असा कागद कोणी दिला असेल त्यांना सांगतो. दुसऱ्याच्या हातानं भरू नका, आणि साफ भरू नका. मळका भरा. रोज नाही जमला तर सोडून द्या, पण पुढच्या दिवशी पुन्हा घ्या. "काही नाही" लिहिलं तरी लिहा, कारण मला "काही नाही"च्या खालीच ते सापडलं. कागद म्हणजे डॉक्टर नाही. गोळी मी अजून घेतो, बंद डॉक्टर सांगतील तेव्हाच करणार. यवतमाळला जाणं आता महिन्यातून एकदा असते. त्या डॉक्टरचे, मॅडमचे, आणि काट्यावर खरं वजन लिहिणाऱ्या सिस्टरचे माझ्यावर उपकार आहेत. रेखाचे किती, ते लिहायला बसलो तर ती उतरवून देणार नाही.

दुःख कमी झालं का, असं लोक विचारतात. नाही झालं. ते आता जेवायच्या वेळी माझ्या बाजूला बसते, आधी घशात बसत होतं.

कालचा कागद इथं देतो. काय झालं: डबेवाल्या बाईनं वरणात मीठ टाकलंच नाही. मनात काय आलं: बेबी असती त त्या बाईले चार गोष्टी सुनावल्या असत्या. काय केलं: उठलो, मिठाची बरणी शोधली, मीठ घेतलं न जेवलो.